जबानीत घेतलेलं नाव

ओपोले, ८ ऑक्टोबर २०१७

यागोदा,

वर 'प्रिय' लिहून दोनदा खोडलं. तुला तो शब्द माझ्याकडून नको असेल, म्हणून नुसतंच नाव ठेवलं.

पत्र इरेना मावशीकडे देतोय. ती म्हणाली, "पुढे पाठवीन. पण वाच म्हणून तिच्या मागे लागणार नाही." मी म्हटलं, ठीक आहे. नॉर्वेत तू नेमकी कुठे आहेस हे तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

बातमी अशी की मी विद्यापीठात नाव घातलंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी. हसलीस तरी चालेल, इथे सगळेच हसतायत. अर्ज घेणारी मुलगी मला म्हणाली, "नातवाचा अर्ज असेल तर त्यालाच यावं लागेल, आजोबा." विषय कळल्यावर मात्र ती हसायची थांबली. गुन्हे, न्याय आणि कैद्यांची सुधारणा. एकाआड एक शनिवार-रविवार वर्ग असतात, तीन वर्षांची पदवी. बारावीची परीक्षा मी आत असतानाच दिली होती, ती आता कामाला आली.

आठवडाभर खिडक्यांच्या कारखान्यात चौकटी जोडतो. रविवार जाता जात नाही. म्हणून आपलं हे.

वर्गात मला कुणी ओळखत नाही. ते बरंच आहे.

त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. जे होतं ते सगळं कोर्टात सांगून झालंय.

लुत्स्यान


ओपोले, २६ नोव्हेंबर २०१७

यागोदा,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करतो. वर्गात एकजण मला ओळखतो.

आमच्या वर्गातले निम्मे लोक तुरुंगशिपाई आहेत. बढतीला पदवी लागते, म्हणून शनिवारी गणवेश उतरवून येतात. उरलेल्यांत चार पोलीस, एक नन, आणि कोर्टाच्या कचेरीत काम करणारी मेलानिया नावाची चोवीस वर्षांची मुलगी. ती माझ्या शेजारी बसते. डब्यात बटाटा भरून उकडलेल्या पिएरोगी आणते आणि "काका, तुम्ही नुसत्या पावावर कसे जगता?" म्हणत निम्म्या माझ्या झाकणात टाकते.

पहिल्याच शनिवारी मागच्या बाकावर ओल्गेर्द दिसला. तू त्याला पाहिलंयस. तुझ्या आईच्या अंत्यविधीला माझ्या उजव्या बाजूला गणवेशात उभा होता तो. नियम नसताना त्याने माझी बेडी काढली होती, मला माती टाकता यावी म्हणून. त्याच्याच बराकीत मी साडेपाच वर्षं काढली.

मी सवयीने ताडकन उभा राहिलो. "नमस्कार, साहेब." तो इकडेतिकडे बघून दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, बसा खाली. साहेब कसला? संख्याशास्त्राच्या पेपरात आपण दोघंही सारखेच मरणार आहोत." नंतर जिन्यात थांबला. म्हणाला, "मी कुणाला बोलणार नाही. तुम्ही बोलायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

आता मी त्याला टक्केवारी शिकवतो. दूधसंघाच्या टँकरवर वीस वर्षं होतो ना, फॅटचे हिशेब तोंडपाठ आहेत. कळलं की तो टेबलावर थाप मारतो, "हे असं आहे होय!" ज्याच्या हातात माझ्या दाराची किल्ली होती, त्याला मी शिकवतोय. मजा वाटते. आणि लाजही वाटते, का ते नीट सांगता येत नाही.

मावशी म्हणते, पत्र परत आलेलं नाही. एवढं पुरे आहे.

लुत्स्यान


ओपोले, १४ जानेवारी २०१८

यागोदा,

काल एक गोष्ट घडली. ती सांगावी की नाही ते ठरत नव्हतं. सांगतो.

आम्हाला प्रुशाकबाई म्हणून एक प्राध्यापिका आहेत. बुटक्या, घसा कायम बसलेला, हातात रुमाल. माणूस गुन्हा केल्यावर स्वतःला काय सांगतो, त्यावर त्या शिकवतात. त्यांनी गृहपाठ दिला होता: "समजा तुम्ही आरोपी आहात. शिक्षा कमी व्हावी म्हणून काय जबानी द्याल? एक पान. खोटं असू दे, पण पटलं पाहिजे."

सगळ्यांनी धमाल केली. ओल्गेर्दने लिहिलं होतं, "दारू वाईट निघाली, माणूस चांगला होता." पोलिसांतल्या एकाने सगळा दोष कुत्र्यावर ढकलला. वर्ग हसून लोळला. मी मात्र फार विचार न करता लिहून गेलो. हात आपोआप चालला.

बाईंनी शेवटी माझं पान घेतलं आणि मोठ्याने वाचलं. 'बाहेर अंधार पडला होता. माझी सतरा वर्षांची मुलगी नाचाची तालीम संपवून शेजारच्या गावच्या थांब्यावर एकटी उभी होती. तिचा फोन आला, न्यायला या म्हणून. मी थोडी घेतली होती, पण बापाचं काळीज आहे. पोरीला तिथे कसं सोडणार?'

टाळ्या पडल्या. मेलानिया म्हणाली, "काका, मी न्यायाधीश असते तर तुम्हाला सोडूनच दिलं असतं!" एक पोलीस म्हणाला, "म्हातारा वकील व्हायचा तो चुकून इकडे आला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल खाली ठेवला. "हे सगळ्यांत चांगलं आहे, म्हणजेच सगळ्यांत वाईट. बाकीचे दारूच्या, कुत्र्याच्या आडोशाला लपलेत. याने आपलं लेकरू समोर उभं केलंय आणि त्याच्या मागे लपलाय. न्यायाधीश त्या लेकरावर दगड मारणार नाही, हे याला ठाऊक आहे. पण निकालानंतर बाप शिक्षा भोगून सुटेल. त्या मुलीची सुटका कोण करणार?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या नुसतं गृहपाठाबद्दल बोलत होत्या. मला पैकीच्या पैकी गुण दिले.

मी दप्तर तिथेच टाकून बाहेर आलो आणि नदीच्या काठाने पूल येईपर्यंत चालत गेलो.

आज इतकंच लिहवतंय.


ओपोले, १५ जानेवारी २०१८

यागोदा,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकदमच देईन. आज कारखान्यातून रजा घेतली. सकाळचे दहा वाजलेत, चांगला उजेड आहे. हे उजेडात लिहायचं आहे.

तू मला न्यायला बोलावलं नव्हतंस.

चौदा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय. तू फोन केलास तो मी येऊ नये म्हणून. मी कोर्टात उलटं सांगितलं. वकिलाने फक्त विचारलं होतं, "घराबाहेर पडायला काही कारण होतं का?" बाकीचं माझं मी रचलं. फोन आल्याची नोंद होतीच. फोनवर काय बोलणं झालं ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

कोपेच सर सायकलवरून घरी चालले होते. तुला ते भूगोल शिकवायचे. मी त्यांना गाडीखाली घेऊन मारलं. दारूने नाही, अंधाराने नाही, तुझ्या फोनने तर नाहीच. मी.

तुला साक्षीला बोलावलं तेव्हा तू नकार दिलास. बापाविरुद्ध न बोलण्याचा हक्क कायद्याने मुलीला आहे, हे मी आता पुस्तकात वाचलं. तेव्हा गावाला वाटलं, पोरीचं मन खातंय म्हणून गप्प आहे. तू मला वाचवण्यासाठी गप्प होतीस. मी समोर बसलो होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मी नजर खाली घातली.

मग दुकानात, बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर लोक म्हणायचे, "हिला बसने यायला काय झालं होतं? पाय झिजले असते का?" आई भेटीला यायची तेव्हा हे सांगून रडायची. मी काचेपलीकडून तिची समजूत घालायचो. समजूत घालायचो, यागोदा! एका वाक्याने ते सगळं थांबवता आलं असतं. शिक्षा फार तर दोन वर्षं वाढली असती.

आईला तू खरं सांगितलं होतंस का, मला माहीत नाही. तिने मला कधीच विचारलं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती आणखी एक गोष्ट तुझ्याकडून घेतल्यासारखी होईल. जे तुझं घेतलं ते आधी परत कसं करायचं, ते बघतो.

लुत्स्यान


ओपोले, २५ फेब्रुवारी २०१८

यागोदा,

दोन आठवड्यांपूर्वी वर्गात सांगितलं.

प्रुशाकबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "सांगायलाच हवं असं नाही. आणि सांगितलंत तर परत घेता येणार नाही." मी उभा राहिलो. म्हटलं, "जानेवारीतलं माझं पान खोटं होतं. म्हणजे गृहपाठ नव्हता तो. तसंच्या तसं मी कोर्टात सांगितलं होतं." मग नाव, गाव, कोपेच सर, सात वर्षांची शिक्षा, सगळं सांगितलं. चार मिनिटं लागली असतील.

मेलानियाने तिचा डबा हळूच स्वतःकडे ओढला. ती मुद्दाम तसं करत होती असं नाही, पण मला दिसलं. वाहतूक पोलिसातला एक उंच मुलगा उठला आणि म्हणाला, "मी रस्त्यावरून माणसं गोळा करतो. पिशव्यांतून. आणि हा माझ्या शेजारी बसून पदवी घेणार?" तो निघून गेला. सोमवारी त्याने अर्ज दिला, की अशा माणसाला प्रवेश कसा मिळाला. विभागप्रमुखांनी मला बोलावून नियम वाचून दाखवला. कैदेतून सुटलेल्याला शिकायची बंदी नाही. तुरुंगात नोकरी मात्र मिळणार नाही. मी म्हटलं, "तिथली नोकरी माझी करून झालीय." ते हसले नाहीत.

त्या मुलाचं म्हणणं चूक नाही. तो आजही माझ्याशी बोलत नाही.

ओल्गेर्द जिन्यात भेटला. "साडेपाच वर्षं तुम्ही माझ्याकडे होतात. समुपदेशक झाले, पाद्री झाले, सुधारणेचे अहवाल झाले. मीच दोनदा लिहिलं होतं, 'कैद्याला पश्चात्ताप झालेला आहे.' आणि ही बाई घसा बसलेला असताना दोन तासांत खरं काढून घेते! मग आम्ही नुसत्या किल्ल्या फिरवायला पगार घेतो का हो?"

"पश्चात्ताप होता ना," मी म्हटलं. "कोपेच सरांचा होता. पोरीचा हिशेबात धरला नव्हता."

तो दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "गावात कुणाला माहीत आहे का हे?"

"नाही."

"मग इथे आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही तिला कुठे टोमणे मारले होते?"

लुत्स्यान


ओपोले, २२ एप्रिल २०१८

यागोदा,

गावी, लिपोव्हाला जाऊन आलो. घर विकल्यानंतर पहिल्यांदाच. बसमधून उतरलो, थांब्यावरचं वेळापत्रक दोनदा वाचलं आणि मग निघालो.

आदेला कोपेच अंगणात बटाटे लावत होत्या. सत्तरी उलटलीय, पण कुदळ अजून जोरात चालते. त्यांनी मला ओळखलं. कुदळ खाली ठेवली नाही.

"तुम्ही इथे यायचं नव्हतं."

"पाच मिनिटं. माफीसाठी आलो नाही. एक खोटं दुरुस्त करायला आलोय."

"उभ्यानेच बोला."

उभ्यानेच बोललो. मुलीने बोलावलं नव्हतं, उलट अडवलं होतं, मी तिचं नाव पुढे केलं. त्या ऐकत राहिल्या. मग एक बटाटा मातीत दाबला.

"तुम्हाला माहीत आहे का," त्या म्हणाल्या, "ती माझ्या दारात आली होती? निकालानंतर. हातात केक होता, स्वतः केलेला. काही बोलली नाही, नुसती उभी होती. मी तिला म्हटलं, तुला बस चालली नसती का गं? आणि दार लावलं."

हे मला माहीत नव्हतं, यागोदा.

"सतरा वर्षांची पोर," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगता येत होतं, की मी बोलावलं नव्हतं. तिने नाही सांगितलं. तुम्ही माझा नवरा नेलात तो नेलात, वर माझ्या हातून हे पाप करवून घेतलंत." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी जायला वळलो. त्यांनी हाक मारली. "कुठे चाललात? मला एकटीला सांगून काय होतंय? ती बदनाम झाली दुकानात. दुकानात जाऊन सांगा."

गेलो. स्तेफकाचं दुकान तसंच आहे. आत चौघं-पाचजण रांगेत होती, पावाची वेळ होती. मी दारातच उभा राहून सांगितलं. लिहून आणलेला कागद खिशात होता, तो काढायचं सुचलंच नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली. शेवटी स्तेफका म्हणाली, "पाव हवाय का? अख्खा देऊ की कापून?" मी म्हटलं, अख्खा. तिने कागदात गुंडाळला आणि हातात देताना पुटपुटली, "मीच जास्त बोलायचे तिला. सगळ्यांत जास्त मीच."

बाहेर आलो तर आदेलाबाई कुंपणापर्यंत आल्या होत्या. तुझा पत्ता मागत होत्या. माझ्याकडे नाही म्हटल्यावर मी इरेना मावशीचा फोन नंबर दिला. चूक केली असेन तर मावशीला सांग, ती मला दम देईल.

लुत्स्यान


ओपोले, १९ ऑगस्ट २०१८

यागोदा,

पहिलं वर्ष पास झालो. ओल्गेर्द संख्याशास्त्रात आधी आपटला, जूनमध्ये पुन्हा बसला आणि काठावर निघाला. निकाल लागला त्या दिवशी त्याने मला कॉरिडॉरमध्ये उचललं. तुरुंगशिपायाने हात लावला की अजूनही माझे हात आपोआप मागे जातात.

उन्हाळ्यात सगळ्यांना कामाचा अनुभव घ्यावा लागतो. तुरुंगाने मला घेतलं नाही. प्रुशाकबाईंनी एका संस्थेला फोन केला. नुकत्याच सुटलेल्यांसाठी तिथे बारा खाटांचं घर आहे. माझं काम साधं. माणूस सुटायच्या दिवशी फाटकाबाहेर जायचं, त्याला घेऊन यायचं, ओळखपत्राच्या कचेरीत रांगेत उभं राहायचं, जेवायला घालायचं. रस्ता ओलांडायची भीती वाटते त्यांना. मलाही वाटायची.

पहिल्याच आठवड्यात एक तरुण आला. मारामारीत शिक्षा झालेला. सूप खाता खाता म्हणाला, "बायकोने डिवचलं नसतं तर मी गेलोच नसतो तिथे." मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "हे वाक्य तू किती वेळा म्हटलंयस?" तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "मी एक वाक्य चौदा वर्षं म्हणत होतो. जेव, मग सांगतो." पुढचे दोन तास आम्ही तिथेच बसलो. संस्थेने सप्टेंबरपासून अर्धवेळ ठेवून घेतलंय.

मेलानियाबद्दल सांगायचं राहिलं. मे महिन्यापर्यंत दुसऱ्या बाकावर बसत होती. परीक्षेच्या आधी परत आली, पिएरोगी माझ्या झाकणात टाकल्या आणि म्हणाली, "राग गेलेला नाही. पण तुम्ही वाळत चाललात." एवढंच.

मावशीने सांगितलं की तू आदेलाबाईंशी फोनवर बोललीस. तासभर. काय बोललात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात उभा होतो, स्टूल ओढून बसलो.

लुत्स्यान


ओपोले, २१ ऑक्टोबर २०१८

यागोदा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तुझं अक्षर बदललंय, 'ग' मोठा काढतेस.

तू लिहिलंस, पहिल्या नोव्हेंबरला, मृतांसाठी दिवे लावायच्या दिवशी, आईच्या थडग्यावर यायचा विचार आहे, आदेलाबाईंकडे उतरशील. आणि त्याआधी मी एकच करायचं: त्या दिवशी फोनवर काय बोलणं झालं ते शब्दन् शब्द लिहून पाठवायचं. 'मला सगळं आठवतं,' तू लिहिलंस. 'तुम्हाला आठवतं का, ते बघायचंय.'

लिहितो.

तू म्हणालीस, "बाबा, तालीम संपली. मी सव्वासातच्या बसने येते."

मी म्हटलं, "मी येतो न्यायला."

"नको. तुम्ही प्यायलात. आवाजावरून कळतंय."

"दोन घोट घेतले. त्याचं काय?"

"बाबा, गाडीला हात लावू नका. तुम्हाला माझी शपथ आहे. आई कामावरून येईपर्यंत घरात बसा."

"बापाला शिकवतेस? मी आलो म्हणजे आलो."

तू रडायला लागलीस. मागे मुलींचा हसण्याचा आवाज येत होता, त्यांना ते कळू नये म्हणून तू हळू बोलत होतीस. म्हणालीस, "बाबा, प्लीज." मी फोन आपटला.

इथवर मी कधी ना कधी स्वतःशी तरी कबूल केलं होतं. पुढचं नाही. फोन पुन्हा वाजला. तूच होतीस, दुसरं कोण असणार? मी गाडीची किल्ली शोधत होतो. तो वाजत राहिला. मी कोट घातला, बूट घातले, नाड्या बांधल्या, तरी वाजत होता. मी दार ओढून घेतलं तेव्हासुद्धा आतून ऐकू येत होता. हे मी वकिलाला सांगितलं नाही, आईला नाही, वर्गात नाही, आदेलाबाईंनाही नाही. तुलाच फक्त माहीत होतं की तू किती वेळ तो हातात धरून उभी होतीस.

मला आठवतं.

पहिल्या तारखेला मी सकाळी सात वाजता जाऊन थडगं घासून ठेवीन, पानं झाडीन. अकरापर्यंत आवरेल. त्यानंतर कब्रस्तानाच्या फाटकाशी, दिवे विकणाऱ्या बायका बसतात तिथे थांबतो. राखाडी कोट असेल, डोक्यावर केस उरलेले नाहीत, नाहीतर ओळखायची नाहीस. तू सरळ आत गेलीस तरी मी मागे येणार नाही. थांबलीस, तर मी आहे.

गारठा फार असतो, गरम कपडे घालून ये.

बाबा